गाठीला हात लावण्याआधी

आमच्याकडे चामखिळीवर एक जुना उपाय आहे. घोड्याच्या शेपटीचा केस घ्यायचा, चामखिळीच्या देठाला गुंडाळून घट्ट गाठ मारायची आणि विसरून जायचं. रक्त तुटलं की चामखीळ सुकते आणि एक दिवस आंघोळ करताना हातात येते. माझ्या आजीने हा उपाय गल्लीतल्या निम्म्या बायकांना केला होता. केस आणायला टांग्याच्या अड्ड्यावर जावं लागे. टांगेवाला कुरकुरत दोन केस उपटून द्यायचा आणि घोडा मागचा पाय आपटायचा.

पुढे पशुवैद्य होऊन मी घोड्यांकडे वळले, तेव्हा कळलं की घोड्याच्या स्वतःच्या गाठीवरही हा उपाय चालतो. केसाच्या जागी फक्त रबरी रिंग येते. गाठ लोंबणारी असेल, देठ बारीक असेल आणि देठाखाली कातडीत काहीही पसरलेलं नसेल, तर परदेशात कोकरांची शेपटी पाडायला वापरतात ती रिंग चढवायची. काही दिवसांत गाठ गळते. हे मी नेहमी सगळ्या अटींसकट सांगते. अटी गाळल्या की हाच उपाय घोड्याच्या मुळावर येतो, आणि माझ्यापर्यंत येणाऱ्या घोड्यांपैकी बऱ्याच जणांच्या अटी आधीच कुणीतरी गाळलेल्या असतात.

घोड्याच्या कातडीवर चामखिळीसारखं काही दिसलं तर ते काय असू शकतं? वर्ष-दीड वर्षाच्या शिंगराच्या नाकाओठांभोवती बारीक राखाडी मोडांचा पुंजका आला असेल, तर त्या बहुधा खऱ्याच चामखिळी असतात. त्यांना घोड्याचाच एक विषाणू कारण असतो आणि काही महिन्यांत त्या आपोआप जातात. त्यावर लावलेलं प्रत्येक औषध यशस्वी होतं. जाणत्या वयाच्या घोड्याच्या छातीवर, पोटाखाली, मांडीच्या आत, कानाशी किंवा डोळ्याभोवती तसं काही आलं, तर मात्र आधी सारकॉइडचा विचार करायचा. घोड्याच्या कातडीवरच्या अर्बुदांमध्ये, म्हणजे पेशी बेसुमार वाढून होणाऱ्या गाठींमध्ये, जगभर सगळ्यांत जास्त सापडतं ते हेच. १९३६ साली दक्षिण आफ्रिकेत ऑन्डरस्टेपोर्ट इथल्या संशोधनकेंद्रात जॅक्सन यांनी त्याचं पहिलं नीट वर्णन केलं. ते आतल्या अवयवांत पसरत नाही, त्यामुळे घोडा त्याने थेट मरत नाही. पण जिथे येतं तिथे ते हटून बसतं, आणि डिवचलं तर दुप्पट होऊन परततं.

त्याची रूपंही फसवी. कधी केस गेलेला गोल चट्टा दिसतो. लोक गजकर्ण समजून महिनोन्महिने मलम लावतात. कधी खरबरीत चामखीळ, कधी कातडीखाली सरकणारी टणक गोटी, कधी उघडं, ओलं, लाल मांस. पाठ्यपुस्तकात सहा प्रकार दिलेले असतात. पण खरी अडचण ही, की यातलं एक रूप दुसऱ्यात बदलतं, आणि बदलाला निमित्त बहुधा जखम असते. वर्षानुवर्षं शांत असलेल्या चट्ट्यावर खोगिराचा पट्टा घासला, तार लागली किंवा कुणी नख लावलं, की त्याचं लाल मांस होऊ शकतं. डॉक्टरने तपासणीसाठी काढलेला तुकडाही शेवटी जखमच. म्हणून चपट्या, शांत सारकॉइडमधून नुसती उत्सुकता म्हणून तुकडा घेऊ नये, निकाल आला की काय करणार हे ठरवूनच घ्यावा, असं आम्हाला शिकवतात. माणसांच्या डॉक्टरांना हे चमत्कारिक वाटतं. त्यांच्याकडे गाठ दिसली की पहिलं पाऊल बायॉप्सी.

याचं कारण गायीत आहे. सारकॉइडच्या मागे असतो तो गायीबैलांना चामखिळी आणणारा पॅपिलोमा विषाणू. त्याचे मुख्यतः पहिला आणि दुसरा हे प्रकार. १९५१ साली ऑल्सन आणि कुक या अमेरिकी संशोधकांनी गायीच्या चामखिळीचा अर्क घोड्यांच्या कातडीत टोचला आणि सारकॉइडसारख्या गाठी आल्या. पण एक गंमत झाली: टोचून आणलेल्या त्या गाठी पुढे विरल्या, तर नैसर्गिकरीत्या आलेल्या सहसा विरत नाहीत. गायीत हा विषाणू आपलं चक्र पुरं करतो, नवे विषाणू तयार होतात, शरीर त्यांना ओळखतं आणि चामखिळी बहुधा झडतात. घोडा त्याचं खरं घर नाही. तिथे तो पुरा वाढत नाही, पेशीत नुसता बसून राहतो आणि पेशीला वाढायला लावतो. बाहेर फारसं काही दिसत नसल्यामुळे शरीराच्या पहाऱ्याला तो सापडत नाही. शिवाय गाठीच्या कडेच्या साध्या दिसणाऱ्या कातडीतही त्याच्या खुणा सापडतात. सुरी नेमकी तिथून फिरते. जुन्या नोंदींमध्ये नुसत्या कापलेल्या सारकॉइडपैकी निम्म्याच्या आसपास परतल्याचं दिसतं, आणि तेही बहुतेक वेळा पहिल्या सहा महिन्यांत. आता भरपूर कड सोडून, गाठीला न शिवलेल्या स्वच्छ हत्यारांनी किंवा लेझरने काढतात तेव्हा निकाल बरेच सुधारले आहेत, पण छातीवर भरपूर कड मिळते, पापणीवर कुठून आणायची?

विषाणू गायीकडून घोड्याकडे नेतं कोण, तर संशय माश्यांवर आहे. पण एकाच गोठ्यातल्या, त्याच माश्या बसलेल्या सगळ्या घोड्यांना सारकॉइड होत नाही. वंशाचाही त्यात हात आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या केप माउंटन झेब्र्यांची संख्या एकेकाळी इतकी घटली होती, की उरलेले सगळे जवळचे नातेवाईकच होते. त्यांच्या बॉन्टेबॉक राष्ट्रीय उद्यानातल्या कळपात निम्म्याहून जास्त झेब्र्यांच्या अंगावर सारकॉइड सापडले होते.

मागे एक शर्यतीचा घोडा आला होता. पश्चिम महाराष्ट्रात अशा घरांतून घोडा, शर्यतीचे बैल आणि दुभती गाय एकाच छपराखाली असतात. त्या घोड्याच्या छातीवर, पट्टा घासतो तिथे, आधी रुपयाएवढा चट्टा होता. मग तिथे मांस वाढलं. कुणीतरी ते दोऱ्याने आवळलं, पडलं नाही म्हणून ब्लेडने कापलं, रक्त थांबेना म्हणून डाग दिला आणि वर मोरचूद भरलं. माझ्यापर्यंत आला तेव्हा तिथे दोन मुठींएवढं फुलकोबीसारखं मांस होतं आणि त्यातून पातळ रक्त ठिबकत होतं. मालक तिशीतला, बोलायला मोकळा. म्हणाला, "मॅडम, आम्ही काय कमी केलं नाही बघा." ते खरंच होतं, आणि तेच नडलं होतं.

ब्रिटनमध्ये लिव्हरपूलच्या डेरेक नॉटनबेल्ट यांनी सारकॉइडवर आयुष्य घालवलं. डोळ्याभोवतीच्या ४४५ सारकॉइडचा, १९७४ ते १९९९ या काळातला, त्यांनी मांडलेला लेखाजोखा आमच्या क्षेत्रात वारंवार वाचला जातो. त्यातून आणि पुढच्या अनुभवातून एक गोष्ट ठसली: पहिला उपचार हीच सगळ्यांत मोठी संधी. तो फसला की दुसऱ्याचं यश घटतं, दुसरा फसला की तिसऱ्याचं आणखी. म्हणून सौम्य औषधापासून सुरू करून हळूहळू जोर वाढवायचा, ही आपली नेहमीची रीत इथे उलटी पडते. एक तर काहीच करू नका, मोजमाप ठेवा, दर महिन्याला फोटो काढा. करायचंच ठरलं, तर हाताशी असलेलं सगळ्यांत चांगलं हत्यार पहिल्यांदाच काढा. लिव्हरपूलमध्ये तयार झालेलं त्यांचं मलम (त्यात पेशी मारणारी औषधं आणि जड धातूंचे क्षार असतात) मालकाला मिळतच नाही. पशुवैद्याने त्या घोड्याचे फोटो आणि माहिती पाठवायची, मग त्याच घोड्यापुरतं ते पाठवतात. ऐकायला अडवणूक वाटते. दोन मुठींचं मांस पाहिल्यावर वाटत नाही.

या घोड्याला मी सिसप्लॅटिन निवडलं. हे माणसांच्या कर्करोगावरचं प्लॅटिनमचं जुनं औषध, आता जेनेरिक स्वरूपात आपल्याकडे कर्करोगाच्या औषधांच्या दुकानात मिळतं. नसेतून द्यायचं तर घोड्याच्या वजनाला परवडणारही नाही आणि सोसणारही नाही. पण कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात आलां तेऑं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते थेट गाठीत टोचायची पद्धत बसवली, १९९३ साली तिचे निकाल छापले. औषध पाण्यात विरघळवून टोचलं तर लगेच वाहून जातं. त्यांनी ते शुद्ध केलेल्या तिळाच्या तेलात घुसळलं. तेलामुळे ते गाठीत रेंगाळतं आणि हळूहळू सुटतं. दोन आठवड्यांच्या अंतराने चार वेळा, गाठीच्या आकारमानानुसार मोजून टोचायचं.

"तिळाचं तेल?" मालकाचे डोळे चमकले. "मग ते तर घाण्यावरनं आणतो की!" त्याला समजावताना माझी त्रेधा उडाली. तेल इंजेक्शनच्या दर्जाचं लागतं. औषध टोचणाऱ्याच्या कातडीवर उडालं तर त्यालाही बाधतं, म्हणून हातमोजे, चष्मा आणि अंगभर कपडे लागतात. गरोदर बाईने त्या घोड्याच्या जवळपासही फिरकायचं नाही, आणि गाठीतून गळणारं काही उघड्या हाताने पुसायचं नाही. आधी मी वाढलेलं मांस कमी केलं, मग उरलेल्या बुंध्यात आणि कडेच्या कातडीत औषध भरलं. घोडा गुंगीत उभा आणि मालक त्याच्या कानात पुटपुटत. दुसऱ्या फेरीनंतर जागा सुजली, चिघळल्यासारखी झाली, आणि त्याचा फोन आला, "वाढलंय की हो!" तिसऱ्या फेरीला ती बसायला लागली. शेवटी तळहाताएवढा बिनकेसांचा, पांढुरका वण उरला, आणि वणाच्या कडेला एक बारीक टणक दाणा. तो दाणा काढून टाका म्हणून त्याने माझ्यामागे फार धोशा लावला. मी नाही म्हटलं. छातीचा पट्टा बदलून घेतला, माश्यांचा बंदोबस्त करायला सांगितला. दाणा आहे तिथेच आहे.

फ्रान्समध्ये तुलूजच्या पशुवैद्यांनी याच औषधाला विजेची जोड दिली. घोड्याला पूर्ण भूल देऊन गाठीत सिसप्लॅटिन टोचतात आणि लगेच विजेचे क्षणिक झटके देतात. पेशींची आवरणं काही काळ सच्छिद्र होतात आणि औषध आत घुसतं. निकाल उत्तम आहेत. पण घोड्याला पुन्हापुन्हा पूर्ण भूल देणं हा स्वतंत्र धोका, कारण शुद्धीवर येताना घोडा उठायची घाई करतो आणि पाय मोडून घेतो. किरणोपचारही आहेत. इरिडियमच्या तारा डोळ्याभोवतीच्या सारकॉइडमध्ये काही दिवस रोवून ठेवतात. नव्वद टक्क्यांहून जास्त यशाच्या नोंदी आहेत. तेवढे दिवस तो घोडाच किरण सोडत असतो, म्हणून त्याला वेगळ्या तबेल्यात कोंडून ठेवावं लागतं. आपल्या गावातल्या घोड्याला यातलं काही मिळेल, असं मला नजीकच्या काळात तरी दिसत नाही.

मिळण्यासारख्या दोन गोष्टी मात्र आपल्या अगदी अंगणात आहेत. पहिली, द्रव नायट्रोजन. उणे १९६ अंश. माणसांच्या शहरी दवाखान्यात गाठ गोठवायला तो मागवावा लागतो. खेड्यात गायींना कृत्रिम रेतन करणाऱ्याकडे कायम असतो, कारण वळूचं वीर्य त्याच्यातच साठवलेलं असतं. लहान, वरवरचे सारकॉइड गोठवून, पूर्ण वितळू देऊन पुन्हा गोठवायचे. मोटरसायकलला नायट्रोजनचं भांडं बांधून आलेल्या रेतनवाल्या दादांना "आज गाय नाही, घोडा आहे" असं सांगितल्यावर त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, ती अजून आठवते.

दुसरी गोष्ट बीसीजी. आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर त्या लशीचा वण आहे. डोळ्याभोवतीच्या गोटीसारख्या सारकॉइडमध्ये बीसीजी टोचलं, की शरीर त्या जंतूंवर धावून येतं आणि त्या गदारोळात गाठही ओळखली जाते. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने काही वेळा टोचावं लागतं. आधी वेदना आणि सूज कमी करणारी औषधं द्यावी लागतात, कारण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी शरीराची प्रतिक्रिया इतकी तीव्र होऊ शकते की घोडा कोसळतो. पायावरच्या सारकॉइडला हे मानवत नाही, तिथे उलट बिघडतं. माणसांत मूत्राशयाच्या कर्करोगावर बीसीजी आजही वापरतात, आणि पुण्यातली सीरम इन्स्टिट्यूट बाळांची लस आणि हे कर्करोगाचं बीसीजी, दोन्ही बनवते. मला यातली साखळी फार आवडते. काल्मेत आणि गेरँ यांनी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षं जो क्षयाचा जंतू पुन्हापुन्हा वाढवून नरम केला, तो मुळात गायीचा होता. म्हणजे गायीच्या विषाणूने आणलेली गाठ, घोड्याच्या पापणीवर, आणि तिच्यावर गायीच्याच जंतूचा उतारा.

आपल्याकडे प्रत्येक लाल मांस सारकॉइड नसतं, हेही सांगायला हवं. पावसाळ्याच्या तोंडावर घोड्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यात, पायावर, लिंगावर येणाऱ्या आणि थंडीत निवणाऱ्या चिघळलेल्या जखमांना उत्तरेत बरसाती म्हणतात. एकोणिसाव्या शतकात लष्करी घोडे सांभाळणारे ब्रिटिश पशुवैद्य या बरसातीवरून हमरीतुमरीवर आले होते. कुणाला तो कर्करोग वाटे, कुणाला बुरशी. आता कळतं की त्यातल्या बऱ्याच जखमा पोटातल्या एका जंताच्या अळ्यांमुळे होतात. माशी त्या जखमेवर सोडते, अळ्या तिथेच अडकतात आणि मांस माजतं. त्यावर आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक आणि माशी-बंदी पुरते. अशा घोड्याला कुणी कर्करोग म्हणून डाग दिला तर ते दुःख वेगळंच. सगळं सारखं दिसतं तेव्हा तुकडा तपासायला हवाच. मी आधी म्हटलं त्याच्या हे विरुद्ध जातं, मला कळतंय. म्हणूनच तो निर्णय फोनवर, फोटो पाहून देत नाही.

आणि हळद. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात हळदीचं फार मोठं खूळ आहे. तेल आणि मिरपूड घालून घोड्याच्या खाण्यात रोज हळद, सारकॉइड जावं म्हणून. पुण्यातल्या एका तबेल्यात तेच परदेशी ज्ञान वाचून एक तरुणी मला हळदीचं प्रमाण विचारत होती; मला आधी हसू आलं आणि मग थोडा अभिमानही वाटला. सारकॉइडवर हळदीचा पुरावा काही नाही. कुणी टूथपेस्ट लावतं, कुणी रक्तमुळीसारख्या कातडी जाळणाऱ्या वनस्पतीचं काळं मलम. "माझ्या घोड्याचं गेलं" असं सांगणारे सगळे खोटं बोलतात असं मला मुळीच वाटत नाही. स्वित्झर्लंडमध्ये फ्रांश-मोंताय्न जातीच्या तरुण घोड्यांवर काही वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा सौम्य सारकॉइडपैकी निम्म्याच्या आसपास आपोआप नाहीसे झाले. नागिणीवरचं असायक्लोव्हिर मलम एके काळी चांगलं चालतं असा समज होता. बेल्जियममधल्या चाचणीत निम्म्या घोड्यांना औषध नसलेलं मलम दिलं, तेव्हा दोन्हींत फरक दिसला नाही. वाट पाहणं हाही उपचार असतो, पण वाट पाहण्याची फी कुणी देत नाही. मलमाची देतात.

इथवर वाचून कुणाला वाटेल की घोड्याच्या गाठीला हात न लावणंच शहाणपणाचं. पांढऱ्या घोड्यांकडे आलं की हे उलटं होतं.

वरातीतल्या पांढऱ्या घोडीचं तोंड जवळून पाहा. ओठांची, डोळ्याभोवतीची कातडी काळी असेल, तर ती घोडी जन्मतः पांढरी नव्हती. काळी, तांबडी किंवा तपकिरी जन्मली, मग वर्षागणिक केस पिकत गेले आणि सहा-आठ वर्षांची होईतो पांढरी झाली. कातडी गुलाबी असेल, जशी नुकरा घोड्याची असते, तर ती जन्मापासून तशी. दोघींना एकाच दराने मागणी असते, आजार मात्र वेगळे. गुलाबी कातडीला ऊन बाधतं. पापणीच्या कडेला, तिसऱ्या पापणीवर स्क्वॅमस सेल कार्सिनोमा नावाचा कर्करोग होतो. आधी नुसता डोळा गळतो, लोक थेंब टाकत राहतात. लवकर आली तर गुंगी आणि भूल देऊन, घोडी उभी असतानाच तिसरी पापणी काढून काम भागतं. उशीर झाला तर डोळा जातो.

काळ्या कातडीच्या पांढऱ्या घोडीला मेलानोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग होतो, आणि तोही ऊन कधी न लागणाऱ्या जागी: शेपटीच्या खाली, गुदाभोवती, ओठांत, कानामागच्या लाळग्रंथीत. पंधरा वर्षांवरच्या अशा घोड्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांना तो असतो. काळे, टणक, कातडीखाली मण्यांसारखे दाणे. माणसातला मेलानोमा म्हटलं की धस्स होतं. घोड्याचा वर्षानुवर्षं संथ असतो. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या सल्ला एकच: त्रास देत नाही ना, मग हात लावू नका. आमच्या शिक्षकांनीही तोच दिला. पण संथ म्हणजे थांबलेला नव्हे. दाणे एकमेकांना मिळतात, फुटतात, लीद पडेनाशी होते, काहींत आत पसरतात, मणक्यापर्यंत जातात. मग डॉक्टरला बोलावतात, आणि तेव्हा करण्यासारखं थोडंच उरतं. जे काम तिशीच्या माणसाच्या हातावरचा तीळ काढण्याइतकं सोपं होतं, ते दहा वर्षं थांबल्याने अशक्य होतं. १९९० साली आम्लपित्तावरच्या सिमेटिडिनने तीन घोड्यांचे मेलानोमा आक्रसल्याचं अमेरिकेत छापून आलं आणि सगळ्यांनी ती गोळी चालू केली. नंतरच्या निकालांनी निराशाच केली. कुत्र्यांच्या मेलानोमासाठी अमेरिकेत तयार झालेली डीएनए लस काही जण घोड्यांना देऊन पाहतात. मला स्वतःला भरवसा वाटतो तो वाटाण्याएवढी असताना काढलेल्या गाठीचा.

पण वाटाण्याएवढी गाठ दिसायला शेपटी उचलावी लागते. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मी तासन् तास नुसती पाहत उभी राहिले आहे. जाणती माणसं घोड्याभोवती फिरतात. भोवरे मोजतात: देवमण आहे का, कुठला भोवरा अशुभ, कपाळावरचा नेमका कुठे. दात बघतात, चाल बघतात, रवाळ नाचवून बघतात. लाखालाखाचे सौदे होतात. पांढऱ्या घोडीची शेपटी उचलून पाहणारा गिऱ्हाईक मला विरळाच दिसला. एकाला मी सुचवलं तर विकणारा माझ्याकडे असा बघत राहिला, की मी चहा प्यायला निघून गेले.

माझ्या ओळखीच्या एका घोडीवाल्या मामांना मात्र हे पटलं. त्यांची घोडी अकरा-बारा वर्षांची, पांढरीशुभ्र, लग्नसराईत एक तिथी रिकामी जात नसे. शेपटीच्या मुळाशी चार-पाच दाणे. "तिच्या आईलापण होते की. काय झालं नाही तिला," मामा म्हणाले. आई कशाने गेली विचारल्यावर थोडे थांबले आणि म्हणाले, "पोटात दुखून." ते मेलानोमामुळेच झालं असेल असं म्हणायला माझ्याकडे काहीच आधार नव्हता आणि मी तसं म्हटलंही नाही. चातुर्मासात घोडी मोकळी होती. शेपटीच्या मुळाशी मणक्यात भूल दिली, घोडी उभीच राहिली, एकेक दाणा काढला. आतून शाईसारखा काळा. जखमा काही शिवल्या, काही उघड्या ठेवल्या. तिथे टाके नाहीतरी टिकत नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर घोडी कामाला लागली. नवे दाणे येणार नाहीत असं मी मामांना सांगितलेलं नाही. दर दिवाळीला ते स्वतः शेपटी उचलून बघतात आणि मला फोन करतात.

पुढच्या वर्षी तिला शिंगरू झालं, काळंभोर. मामांना एकच चिंता: पांढरं होईल ना? डोळ्यांभोवती चष्म्यासारखे पांढरे केस येतात का बघा, मी म्हटलं, पिकायला तिथूनच सुरुवात होते. मग त्यांना सगळं सांगत बसले. २००८ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या लेइफ अँडरसन यांच्या गटाने शोधलं, की घोडा पांढरा होतो तो एका जनुकातला ४,६०० अक्षरांचा तुकडा दुहेरी झाल्यामुळे, आणि तोच तुकडा मेलानोमाही आणतो. जगभरचे असे सगळे घोडे एकाच पूर्वजाचे वंशज. २०२४ मध्ये पुढचं कळलं: काही घोड्यांत तो तुकडा दोनदा असतो, काहींत तीनदा. तीनदा असेल तर घोडा झपाट्याने पांढरा होतो आणि मेलानोमाचा धोकाही मोठा. दोनदा असेल तर सावकाश पिकतो, कधी पुरता पांढरा होतच नाही, आणि मेलानोमाचं प्रमाण खूप कमी. म्हणजे सावकाश पिकणारे घोडे निवडून पैदास केली, तर हा रोग पुष्कळ आटोक्यात येईल.

मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "चाचणी होते का याची?"

होते, परदेशात, आयाळीच्या केसांवरून.

"आणि समजा निघालं सावकाशवालं?"

"तर चांगलंच की, मामा. गाठी नाहीत."

"तसं नाय, मॅडम," मामा म्हणाले, "आठ वर्षं ते करडं राहणार. करड्या घोड्यावर नवरा कोण बसवतंय? तोवर त्याला घालू काय खायला?"

मी त्यांना हरभऱ्याचा आणि चाऱ्याचा हिशेब करून दाखवायला बसले. त्यांचाच आकडा बरोबर निघाला.